अकरा टेक्स्ट विजेटांचं एक कसं झालं: फ्लटर ॲपमधला मराठी मजकूर सुटसुटीत करण्याची पद्धत

मामांचं शेत विंचूरजवळ आहे. उन्हाळ कांदा चाळीत भरायचा, रोज भाव बघायचे आणि पटला की काढायचा, हे त्यांचं दरवर्षीचं गणित. भाव बघायला ते आमच्या टीमने केलेलं ॲप वापरतात. मागच्या भेटीत त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. "अगं, हे लासलगाव तीन-तीनदा का लिहिलंय? यातलं विंचूरचं कुठलं?"

फोनवर पहिली ओळ होती 'लासलगाव'. खालच्या दोन्ही ओळींत 'लासलगाव…' आणि पुढे तीन टिंबं. खरी नावं होती 'लासलगाव - निफाड' आणि 'लासलगाव - विंचूर'. मामांनी फोनमधलं अक्षर मोठं करून ठेवलंय, त्यामुळे नाव एका ओळीत मावलं नाही आणि नेमका ओळख पटवणारा शब्द कापला गेला. भाव बरोबर होते, नावही बरोबर होतं. पण चुकीच्या ओळीचा भाव धरून कोणी ट्रॅक्टर भरला असता तर?

नाशिकला परत येऊन कोड उघडला. मला वाटलं, एक ओळ बदलायची आहे. लागला अर्धा दिवस. ते नाव एका विजेटमध्ये (पडदा ज्या तुकड्यांनी बनतो त्यातल्या एकात) होतं, ते दुसऱ्या विजेटला मजकूर देत होतं, दुसरं तिसऱ्याला, आणि 'एकच ओळ' ही सक्ती सगळ्यात आतल्या विजेटमध्ये पक्की करून ठेवलेली. ती काढली की इतर चार पडदे बिघडत होते. तेव्हा ठरवलं की मलमपट्टी नको, सगळा मजकूर एकदा मुळापासून साफ करायचा. ते काम कसं केलं, ते क्रमाने सांगते. उदाहरणं फ्लटर या ॲप बनवायच्या तयार चौकटीची, म्हणजे फ्रेमवर्कची आहेत, पण जेटपॅक कंपोज किंवा रिॲक्ट नेटिव्ह अशा दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये काम करणाऱ्यांनाही बराचसा भाग जसाच्या तसा लागू पडेल. विजेटांची आणि त्यांच्या प्रॉपर्टींची (विजेटला द्यायच्या सेटिंगची) नावं इथे देवनागरीत लिहिली आहेत. कोडमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.

पायरी पहिली: मोजदाद

काहीही बदलण्याआधी मोजा. पूर्ण प्रोजेक्टमध्ये चार शब्द शोधा: टेक्स्ट, रिचटेक्स्ट, टेक्स्टस्टाइल आणि फाँटसाइज. जे सापडेल ते एका शीटमध्ये उतरवा. स्तंभ असे ठेवा: फाइल, आकार, जाडी, रंग, किती ओळी, आणि शेवटी 'हा मजकूर कशासाठी आहे'. शेवटचा स्तंभ भरायला सगळ्यात जास्त वेळ लागतो. तोच भरायचा कंटाळा येतो आणि तोच पुढे उपयोगी पडतो.

आमच्याकडे मजकूर दाखवण्यासाठी टीमने लिहिलेली अकरा विजेटं निघाली. एकाचं नाव 'मोठा टेक्स्ट', दुसऱ्याचं 'ठळक टेक्स्ट', तिसऱ्याचं 'लाल टेक्स्ट'. चौथं सगळ्यांवर कडी करणारं: त्याला सतरा प्रॉपर्टी होत्या. आकार, रंग, डावीकडची जागा, उजवीकडची जागा, दाबल्यावर काय करायचं, मजकूर येईपर्यंत गोल फिरवायचा की नाही, पुढे आयकॉन हवा की नको, सगळं त्यातच. आकार बघितले तर १३, १३.५, १४, १४.५ आणि १५. साडेतेरा आणि चौदा यांत वाचणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही, पण कोडमध्ये तो जपावा लागतो.

यात कोणाचा निष्काळजीपणा नसतो, हे मी आवर्जून सांगेन. प्रत्येक विजेट कोणीतरी घाईच्या दिवशी एका खऱ्या गरजेसाठी लिहिलेलं असतं. आधीच्यात एक प्रॉपर्टी वाढवणं दहा मिनिटांचं काम, म्हणून ती वाढते. दोन वर्षांनी त्याचं जंगल होतं.

पायरी दुसरी: फ्रेमवर्क आधीच काय करतं ते बघा

स्वतःचं विजेट लिहिण्याची निम्मी कारणं इथेच गळून पडतात. फ्लटरचं टेक्स्ट विजेट दिसायला साधं आहे, पण पडद्यावर येण्याआधी ते बरीच कामं करतं. आजूबाजूच्या डीफॉल्टटेक्स्टस्टाइलमधून मूळ शैली घेतं आणि तुम्ही दिलेली शैली तिच्यात मिसळते. वापरणाऱ्याने फोनच्या सेटिंगमध्ये ठरवलेला अक्षराचा आकार घेतं. 'ठळक अक्षर' चालू असेल तर तेही पाळतं. एवढं झाल्यावर आतून ते रिचटेक्स्ट तयार करतं, आणि प्रत्यक्ष अक्षरं काढणारं विजेट तेच.

थेट रिचटेक्स्ट लिहिलं तर यातलं काहीच आपोआप मिळत नाही. आमच्या ॲपमध्ये दराखालची टीप अशीच लिहिलेली होती, कारण एका शब्दाला वेगळा रंग हवा होता. परिणाम असा की मामांच्या फोनवर सगळं अक्षर मोठं आणि ती टीप तेवढी मुंगीएवढी. एका वाक्यात दोन रंग हवे असतील तर टेक्स्ट डॉट रिच वापरा. टेक्स्टस्पॅन, म्हणजे वेगळी शैली दिलेले मजकुराचे तुकडे, तेच चालतात, आणि मोठ्या अक्षराची सोयही टिकते. ज्या ज्या ठिकाणी थेट रिचटेक्स्ट दिसेल तिथे हा बदल पहिल्या दिवशीच करा. त्यात धोका जवळपास नाही आणि फायदा लगेच दिसतो.

आणखी एक ओळखीची खूण. मजकूर लाल रंगात आणि खाली पिवळ्या दुहेरी रेघा अशा दिसल्या, तर शैलीत काही चुकलेलं नसतं. ते टेक्स्ट मटेरियल किंवा स्कॅफोल्ड या पडद्याचा पाया देणाऱ्या विजेटांच्या बाहेर पडलेलं असतं, त्यामुळे त्याला मूळ शैलीच मिळत नाही. आमच्याकडे त्यावर उपाय म्हणून कोणीतरी 'रेघ नको' अशी प्रॉपर्टी असलेलं वेगळं विजेट लिहिलं होतं. वरती एक मटेरियल विजेट घातल्यावर ते पूर्ण काढून टाकता आलं.

पायरी तिसरी: आकार सोडा, भूमिका ठरवा

आता शीटचा शेवटचा स्तंभ उघडा. 'हा मजकूर कशासाठी आहे' याची उत्तरं एकत्र केली की लक्षात येतं, वेगळी वाटणारी चाळीस-पन्नास ठिकाणं मोजक्याच भूमिकांत बसतात. आमच्या सहा निघाल्या: पानाचं शीर्षक, गटाचं शीर्षक, वाचायचा मजकूर, टीप, बटणावरचे शब्द आणि भावाचा आकडा.

मटेरियल ३ या गूगलच्या डिझाइन पद्धतीच्या टेक्स्टथीममध्ये, म्हणजे सगळ्या ॲपसाठी एका जागी ठरवलेल्या अक्षरशैलींच्या संचात, पंधरा शैली असतात: डिस्प्ले, हेडलाइन, टायटल, बॉडी आणि लेबल, प्रत्येकी लार्ज, मीडियम, स्मॉल. पंधराच्या पंधरा वापरायची काही गरज नाही. पानाच्या शीर्षकाला आम्ही टायटललार्ज घेतलं, ते मुळात २२ चं. गटाच्या शीर्षकाला टायटलमीडियम, १६. मजकुराला बॉडीलार्ज, तेही १६. टिपेला बॉडीमीडियम आणि बटणाला लेबललार्ज, दोन्ही १४. लेबलस्मॉल ११ चं असतं. त्यापासून मी लांब राहते. इंग्रजी अक्षर त्या आकारात निभावून जातं, पण 'द्ध', 'क्ष', 'ष्ट' यांच्या पोटातल्या जागा बुजतात आणि अक्षराचा नुसता ठिपका होतो. देवनागरीसाठी १४ च्या खाली जायचं नाही, हा आमचा नियम आहे.

भावाचा आकडा टेक्स्टथीममध्ये नीट बसत नव्हता. तो मोठा हवा, ठळक हवा, आणि आकड्यांची रुंदी सारखी हवी, नाहीतर '१' बारीक आणि '५' रुंद असल्याने उभ्या स्तंभातले आकडे वाकडेतिकडे दिसतात. त्यासाठी थीमला जोड देणाऱ्या थीमएक्स्टेन्शनमध्ये एक स्वतंत्र शैली केली आणि तिच्यात टॅब्युलर फिगर्स हे फाँटचं वैशिष्ट्य चालू केलं. ही सोय फाँटमध्येच असावी लागते, आणि देवनागरी आकड्यांसाठी ती आहे का हे वेगळं तपासावं लागतं. नसेल तर आकडे उजवीकडे टेकवून ठेवा, बऱ्यापैकी काम भागतं.

रंगही असेच अर्थाने ठरवा. 'लाल टेक्स्ट' असं विजेट ठेवलं की उद्या चूक दाखवायलाही लाल आणि लाल कांद्याच्या नावालाही लाल असं होतं. आम्ही तीनच ठेवले: साधा, मंद आणि इशारा. मंद रंग ठरवताना पार्श्वभूमीशी फरक किमान ४.५ ला १ राहील हे बघा; साध्या आकाराच्या मजकुरासाठी वेब सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांत तेवढा सांगितला आहे. ऑफिसात बसून सुंदर वाटणारा फिकट राखाडी रंग बाजार समितीच्या आवारात, दुपारी बाराच्या उन्हात, फोनवर दिसतच नाही.

पायरी चौथी: मराठीची सगळी सोय थीममध्ये

या पायरीवर सावकाश चला. फ्रेमवर्कची मूळ शैली रोमन लिपी डोळ्यापुढे ठेवून बेतलेली असते. मराठीसाठी जे काही बदलायचं ते थीममध्ये एकदाच बदला, म्हणजे प्रत्येक पडद्यावर पुन्हा पुन्हा हात घालावा लागत नाही.

अक्षरांमधली जागा, म्हणजे लेटरस्पेसिंग, शून्य करा. बॉडीलार्जला ती मुळात ०.५ असते आणि बॉडीमीडियमला ०.२५. इंग्रजीत त्याने वाचायला मोकळं वाटतं. मराठीत शब्दाची शिरोरेघ अक्षरागणिक तुटते. साध्या फोनवर ते पटकन लक्षात येत नाही, पण 'बाजार समिती' हा शब्द मोठ्या अक्षरात बघा, डोक्यावरच्या रेघेत बारीक खाचा दिसतील. पंधरा शैलींपैकी ज्या वापरता त्या सगळ्यांत हे शून्य करायचं. एखादी राहिली की तेवढा पडदा उसवल्यासारखा दिसतो.

ओळीची उंची वाढवा. देवनागरीला शिरोरेघेच्या वर रफार, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, असा दोन्हीकडे पसारा लागतो. टायटललार्जची उंची साधारण १.२७ पट असते आणि डिस्प्लेलार्जची जेमतेम १.१२. एका ओळीत चालून जातं. शीर्षक दोन ओळींचं झालं की वरच्या ओळीतल्या 'कृषी'चा ऋकार आणि खालच्या ओळीतल्या 'दर्जा'चा रफार एकमेकांना चिकटतात. आमच्या फाँटला शीर्षकांसाठी १.४ आणि मजकुरासाठी १.५ ते १.६ मानवलं. तुमच्या फाँटवर आकडा थोडा वेगळा येईल, म्हणून 'कृषी' आणि 'दर्जा' वरखाली येतील असं शीर्षक करून डोळ्यांनी बघा. स्ट्रटस्टाइलमध्ये (ओळीची उंची ठरवणाऱ्या सोयीत) उंचीची सक्ती करायचा मोह होतो, कारण त्याने इंग्रजी-मराठी मिसळलेल्या ओळी एकसारख्या बसतात. पण सक्तीची उंची कमी ठेवली तर पुन्हा तेच चिकटणं सुरू होतं, म्हणून ती वापरायचीच झाली तर ऐसपैस ठेवा.

ॲपची भाषा खरोखर मराठी ठेवा. आमच्या ॲपमध्ये मजकूर मराठी होता, पण ॲपला सांगितलेली भाषा हिंदी होती, कारण सुरुवातीला कोणीतरी ती तशीच नमुन्यातून उचलली होती. मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं हिंदीत छापतात त्यापेक्षा वेगळी. काही देवनागरी फाँटमध्ये दोन्ही रूपं असतात आणि भाषेप्रमाणे योग्य रूप निवडलं जातं. टेक्स्ट विजेट भाषा ॲपकडूनच घेतं. म्हणून एका ठिकाणी हिंदीऐवजी मराठी केलं आणि 'लासलगाव'मधले दोन्ही 'ल' आपल्या वळणाचे झाले. एका विजेटलाही हात लावावा लागला नाही. फ्लटरच्या स्थानिकीकरणाच्या पॅकेजमध्ये मराठी आहेच, त्यामुळे तारीख निवडायच्या खिडकीतले शब्दही त्याच बदलाबरोबर मराठी होतात.

फाँट ॲपमध्येच द्या. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मोफत परवान्याचे आणि वाचायला चांगले आहेत. निवडलेल्या फाँटमध्ये देवनागरी नसेल तर प्रत्येक फोन स्वतःच्या पदरचा फाँट लावतो, मग एका कंपनीच्या फोनवर ठीक दिसणारा पडदा दुसऱ्यावर ओसंडतो. जेवढ्या जाडी थीममध्ये वापरता तेवढ्या जाडीच्या फाइल नक्की घाला. तिरपं अक्षर थीममधून काढून टाका. देवनागरीला तिरक्या अक्षराची परंपरा नाही, आणि बहुतेक फाँटमध्ये ते नसल्याने सरळ अक्षरच ढकलून वाकवलं जातं. जोर द्यायचा तर ठळक करा.

पायरी पाचवी: विजेटला तयार मजकूर द्या

टेक्स्ट विजेटचं काम दाखवण्याचं. मजकूर कापणं, जोडणं, धुणं हे त्याच्या पोटात गेलं की ते फुगतं, आणि मराठीत त्या कापाकापीत चुकाही हटकून होतात. आमच्या सतरा प्रॉपर्टीवाल्या विजेटमध्ये अशी चार कामं दडलेली होती.

पहिलं, लांब नाव दहा अक्षरांवर कापायचं. डार्टमध्ये, म्हणजे फ्लटरच्या भाषेत, स्ट्रिंगची (मजकुराची) लांबी आपल्याला दिसणाऱ्या अक्षरांत मोजली जात नाही, ती युनिकोडच्या कोड युनिटांत मोजली जाते. 'नाशिक' आपल्याला तीन अक्षरी, डार्टला पाच. 'त्र्यंबकेश्वर' आपल्याला पाच अक्षरी: त्र्यं, ब, के, श्व, र. डार्टला तेरा. त्याचे पहिले दोन घटक घेतले तर हाती येतो पाय मोडका 'त्', आणि अकरावर कापलं तर 'त्र्यंबकेश्'. यात्रेच्या गावाचं नाव असं लिहिलेलं बघून मला खरंच वाईट वाटलं. हाताने कापायचंच असेल तर कॅरेक्टर्स पॅकेज वापरा, तेही नवीन आवृत्तीचं. जोडाक्षर हा एकच अक्षरसमूह मानायचा नियम युनिकोडमध्ये १५.१ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून आला. जुन्या नियमाने 'त्र्यं'चेही तीन तुकडे होतात. पण शक्यतो कापूच नका. किती मावतं ते फ्रेमवर्कला ठरवू द्या.

दुसरं, मजकूर 'स्वच्छ' करायचा. कोणीतरी न दिसणारी अक्षरं काढून टाकणारं फंक्शन लिहिलं होतं, कारण सर्व्हरवरून येणाऱ्या मजकुरात कचरा असायचा. त्यात शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे झीरो विड्थ जॉइनरही काढला जात होता. 'शेतकऱ्यांना' मधला 'ऱ्य' दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात, दुसऱ्यात साधा 'र', हलन्त आणि मग तो जोडक. दुसऱ्या प्रकारचा शब्द आमच्या फंक्शनमधून गेला की पडद्यावर 'शेतकर्यांना' येई, रफार असलेला. एका सूचनेत बरोबर, दुसरीत चूक, आणि कारण सापडेना, कारण दोन्ही सूचना टाइप करणारी माणसं वेगळी आणि कीबोर्ड वेगळे. स्वच्छता करायची तर ती सर्व्हरकडून माहिती येते तिथे करा, आणि जोडकाला हात लावू नका.

तिसरं, शब्द जोडून वाक्य करायचं. 'आज', गावाचं नाव, 'त आवक', असे तुकडे जोडले जात होते. 'मालेगाव'ला 'त' जोडला तर निदान 'मालेगावात'च्या जवळ जातं, पण 'येवला'चं 'येवलात' होतं, 'सटाणा'चं 'सटाणात', 'देवळा'चं 'देवळात'. शेवटचं तर भलताच अर्थ देतं. आपल्या भाषेत प्रत्यय लागण्याआधी नावाचं सामान्यरूप होतं: येवल्यात, सटाण्यात, देवळ्यात. ते यंत्राकडून करून घेण्यापेक्षा मांडणीच अशी करा की नाव मूळ रूपात राहील: 'येवला: आजची आवक'. प्रत्यय लागलेलं वाक्य हवंच असेल, तर प्रत्येक गावाचं दुसरं रूप माहितीतच साठवा. जिल्ह्यात बाजार समित्या मोजक्या आहेत, एका संध्याकाळचं काम आहे.

चौथं, शोधलेला भाग रंगवायचा. शोधाच्या चौकटीत 'त' टाइप केला की 'त्र्यंबकेश्वर'मधला तेवढाच 'त' वेगळ्या टेक्स्टस्पॅनमध्ये जायचा आणि जोडाक्षर मधोमध फुटायचं. आता जुळणारा शब्द आम्ही पूर्ण रंगवतो. वाचायलाही तेच सोपं जातं.

आकड्यांचंही तसंच. दर आणि आवक नंबरफॉरमॅटमधून मराठीचा लोकेल, म्हणजे भाषेची खूण, देऊन तयार करा, म्हणजे देवनागरी आकडे आणि लाखाच्या पद्धतीचे स्वल्पविराम मिळतात: १,२५,०००. देवनागरी की रोमन आकडे, याबद्दल शेतकऱ्यांची तक्रार नसते, ते दोन्ही सहज वाचतात. एकाच पडद्यावर दोन्ही मात्र नकोत.

पायरी सहावी: जागा कमी पडते तेव्हा

मजकूर मावत नाही म्हणून अक्षर लहान करणं ही सगळ्यात वाईट सवय. फिटेडबॉक्समध्ये टेक्स्ट घातलं की पडदा कधीच फुटत नाही, पण ज्या माणसाने दिसत नाही म्हणून अक्षर मोठं केलं, त्याच्यापुढे आपण ते पुन्हा लहान करून ठेवतो. अँड्रॉइड १४ पासून अक्षर २०० टक्क्यांपर्यंत मोठं करता येतं, आणि ते सरळ पटीत वाढत नाही; आधीच मोठं असलेलं अक्षर तुलनेने कमी वाढतं. त्यासाठीच फ्लटरमध्ये जुना टेक्स्टस्केलफॅक्टर जाऊन टेक्स्टस्केलर आला. तुमच्या कोडमध्ये जुन्या फॅक्टरने गुणाकार केलेला असेल तर तो काढा.

मग मावायचं कसं? रो, म्हणजे आडव्या ओळीतल्या टेक्स्टला एक्सपांडेड द्या, म्हणजे मजकूर बाहेर गेल्यावर दिसणाऱ्या पिवळ्या-काळ्या पट्ट्या जातात. चौकटींना दिलेली ठरावीक उंची काढा, उंची मजकुराने ठरू द्या. एकाशेजारी एक ठेवलेल्या गोष्टींसाठी रॅप वापरा, म्हणजे अक्षर मोठं झालं की आकडा नावाखाली येतो. आणि ज्या मजकुरावरून ओळख पटते त्याला ओळींची मर्यादा घालू नका. बाजार समितीचं नाव, मालाचा प्रकार, 'किमान दर' आणि 'कमाल दर' हे शब्द कधीच टिंबांत संपता कामा नयेत. बातमीचा सारांश तीन ओळींत कापला तर कोणाचं काही बिघडत नाही. हा फरक यंत्राला कळत नाही, तो आपणच एकेका पडद्यावर बसून ठरवायचा.

पायरी सातवी: जुनी विजेटं काढणं

इथपर्यंत आलात की जुन्या विजेटांकडे करायला कामच उरलेलं नसतं. शैली थीमकडे गेली, मजकूर आधीच तयार होऊन येतो, बाजूची जागा पॅडिंगने द्यायची, दाबल्यावरचं काम इंकवेलचं, गोल फिरवायचं काम पडद्याचं. उरतं फ्लटरचं साधं टेक्स्ट आणि थीममधली एक शैली.

तरी एका दिवशी सगळं काढू नका. प्रत्येक जुन्या विजेटवर डेप्रिकेटेडची, म्हणजे 'आता वापरू नका' अशी खूण लावा आणि शेजारी काय वापरायचं ते मराठीत लिहा. एडिटरमध्ये त्या नावावर काट मारलेली दिसते, त्यामुळे नवीन कोडमध्ये ते कोणी घालत नाही. मग एका वेळी एकच विजेट, एकच पुल रिक्वेस्ट (टीमला तपासायला दिलेला बदल). सगळ्यात कमी ठिकाणी वापरलेल्यापासून सुरुवात करा. हात बसतो आणि टीमचा विश्वासही. सतरा प्रॉपर्टीवालं आम्ही शेवटी घेतलं, तोवर त्याला हाक मारणारी ठिकाणं निम्म्यावर आली होती.

बदलाआधी आणि नंतर पडद्याचं चित्र जुळवण्यासाठी गोल्डन टेस्ट लिहा. फ्लटर टेस्टमध्ये मुळात सगळी अक्षरं चौकोनांसारखी काढतं, त्यामुळे मराठीतली एकही चूक दिसत नाही. फाँटलोडरने तुमचा खरा फाँट आधी भरा. प्रत्येक पडदा दोनदा तपासा, एकदा साध्या आकारात आणि एकदा दुप्पट. नमुन्याच्या नावांत 'लासलगाव - विंचूर', 'पिंपळगाव बसवंत' आणि 'त्र्यंबकेश्वर' कायम ठेवा. आणखी एक छोटी टेस्ट आम्ही लिहिली: थीमच्या फोल्डरबाहेर कुठेही फाँटसाइज हा शब्द सापडला तर ती नापास होते. कॉपीविथने शैलीची नक्कल करून हळूच आकार बदलायची पळवाट तिने बंद झाली.

अकरांपैकी एक विजेट मात्र ठेवलं, भावाच्या आकड्याचं. त्याला तीनच गोष्टी लागतात: रक्कम, एकक आणि कुठला दर. ते ठेवण्याचं कारण आवाज. टॉकबॅक, म्हणजे पडदा वाचून दाखवणारी सोय, वापरणाऱ्याला 'क्विं.' हे आखूड रूप धड ऐकू येत नाही, आणि दराचं नाव आणि आकडा वेगवेगळे वाचले गेले तर कोणता आकडा कशाचा ते कळत नाही. त्या विजेटमध्ये सेमँटिक्स लेबल, म्हणजे वाचून दाखवायचा मजकूर, दिलेलं आहे, म्हणून 'कमाल दर, इतके रुपये प्रति क्विंटल' असं सलग ऐकू येतं. हे काम थीमला करता येत नाही.

मामांच्या फोनवर आता 'लासलगाव - विंचूर' दोन ओळींत पूर्ण दिसतं आणि भाव त्याच्याखाली. ओळ उंच झाल्याने एका पडद्यावर सातऐवजी पाचच बाजार समित्या मावतात. त्यावर त्यांचं म्हणणं, "विंचूर सगळ्यात वर आण, बाकीचं मी खाली सरकवून बघतो." यासाठी टेक्स्टला हात लावायची गरज नाही, काम यादीच्या क्रमाचं आहे. ते पुढच्या आठवड्यात घेतलंय.